वजनमापेवाल्या साहेबांचा गोळीबार

साहेब खेळायला बसायच्या आधी हात धुवायचे. कपड्याच्या साबणानं, पार कोपरापर्यंत. मग दोरीवरून आपला वेगळा टॉवेल घ्यायचे, एकेक बोट पुसायचे, आणि मगच ते खेळायचं यंत्र हातात धरायचे. सुपारी-तंबाखूचा खर्रा खात नव्हते, का तर बोटं चिकट होतात. आमच्या जिल्ह्यात खर्रा न खाणारा सरकारी माणूस मी तरी तो एकच पाहिला. माझी बायको, पोराची माय, त्यांचं हात धुणं पाहून म्हणायची, "आपल्या घरी देव नाई, तं हे टीव्हीचं सोवळं पाळून राह्यले जी."

ते आमचे किरायदार. नोकरी वजनमापे खात्यात. दुकानदारांचे काटे तपासायचे, वजनं खरी का खोटी पाहायची, खरी असली तर शिक्का मारायचा. आठवडी बाजारात त्यांचा स्कूटर दिसला की अर्धे तराजू पोत्याखाली जायचे. वय पन्नाशीला टेकलेलं, लग्न केलं नाही, डोक्यावर केस थोडे आणि मिशी भरपूर. असा माणूस दिवसभर किलोचा खरेपणा तपासायचा आणि संध्याकाळी घरी येऊन टीव्हीवर बंदुका चालवायचा, नाहीतर गाड्या पळवायचा.

मी स्वतः चौथी नापास. माजरीच्या कोळसा खाणीत बारूद भरणाऱ्या टोळीत उमर गेली. डावा कान तिथंच ठेवून आलो. रिटायर झाल्यावर गडचिरोलीला घर बांधलं, मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून बांधलं, एक वीट वाकडी नाही. एक खोली किरायानं काढली. मला कोणी शिकवलेलं खपत नाही, हे आधीच सांगतो. साहेबांनी मला गेम शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला, मी शिकलो नाही. पण त्यांची मतं मला सारी पाठ झाली, कारण भिंत एकच आणि साहेब बोलायचे मोठ्यानं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला पाहिजे. आम्हाला मुलगा एकच. तो पोलिसात आहे, नक्षल्यांच्या मागावर जंगलात जाणाऱ्या पार्टीत. कॅम्प भामरागडाकडे. पार्टी जंगलात शिरली की फोन लागत नाही, आणि किती दिवस लागणार नाही हे कोणी सांगत नाही. नोकरीवर जाताना तो म्हणाला होता, "बाबा, मी कवा जातो ते विचारू नोका. मायले झोप येत नाई." मी म्हटलं, नाही विचारणार. शब्द दिला तो दिला. पण न विचारणाऱ्याला काय झोप येते?

साहेब राहायला आले त्याच संध्याकाळी बोंब झाली. मला तर आवाज नीट आलाच नाही. मला दिसलं ते एवढंच, की फळीवरची स्टीलची ताटं हलायला लागली. साहेबांनी आपल्या खोलीत एक मोठा ठोकळ्यासारखा स्पीकर ठेवला होता, आमच्या भिंतीला लावून, आणि भिंतीच्या या बाजूला आमची ताटांची फळी. मला वाटलं, खाणीत ब्लास्टिंग झालं. मग आठवलं, इथं खाण कुठी? बाहेर आलो तर गल्लीतले दिवे बंद. दारं लावलेली. समोरची बाई लेकरं घेऊन पलंगाखाली. दुसऱ्या गावात लोक म्हणाले असते, कोणाचं लग्न आहे, फटाके फुटून राह्यले. आमच्या गावात कोणी तसं म्हणत नाही.

ठाण्यातून गाडी आली. जमादार दारात उभा राहून साहेबांना म्हणाला, "घरात हत्यार आहे?"

साहेब कानाला एक मोठा हेडफोन लावून बसलेले, तो नुसता बोलायचा, गोळीबार स्पीकरवरच. एक कान उघडा करून म्हणाले, "तीन आहेत. पण एक बरोबर नाई. चालवली का तोंड वर उचलते."

जमादाराचा हात कमरेला गेला. मी मधे पडलो. म्हटलं, "जमादारसाहेब, टीव्ही पाहा पहिले." जमादारानं पाहिलं. मग तो खुर्चीवर बसला आणि विचारलं, "कोणती उचलते?" मग अर्धा तास दोघांची त्या बंदुकीवर चर्चा. जाताना जमादारानं आवाज कमी ठेवायला सांगितलं. साहेबांनी तो ठेवला, पण ताटं हलायची ती हलायचीच.

बंदुकीच्या गेमच्या दोन कंपन्या होत्या आणि दोघींचं वैर. एकीच्या डब्यावर टोपी घातलेला शिपाई, दुसरीच्या डब्यावर तोंड झाकलेला. नावं इंग्रजीत. मी टोपीवाला आणि तोंडझाक्या म्हणायचो, पुढं साहेबही तेच म्हणायला लागले. तोंडझाक्यावर त्यांचा फार दात.

"भाऊ, याच्यात माणसाले गोळी लागते. तो भिताडामांग जाऊन बसते, जरासा दम घेते, अन् झाला ठणठणीत! मंग गोळीले वजन काय राह्यलं? सरळ काटा मारला यानं."

"अन् टोपीवाला?"

"टोपीवाल्यात लंगडते माणूस. पट्टी शोधाले लागते. बंदुकीत किती गोळ्या उरल्या ते पडद्यावर दिसत नाई, आपण ध्यानात ठेवाचं. अन् मेला का मेला. पहिल्यापासून सुरू. याले म्हणते तोल."

"पण साहेब, लोकं तं तोंडझाक्याच जास्त खेळते म्हणता तुमी."

"बाजारात हलका काटावाल्याकडेच गर्दी राह्यते भाऊ. तो स्वस्त देते ना."

तोंडझाक्याचा दरवर्षी नवा भाग निघायचा. साहेब तो आणायचे, खेळायचे आणि चिडायचे. म्हणायचे, पोतं तेच, छापा नवा. मी म्हटलं, मग आणता काऊन? तर म्हणाले, तपासल्याशिवाय नापास कसं करणार.

हेडफोनवरून ते दूरदूरच्या पोरांशी भांडायचे. पुण्याचा कोणी, दिल्लीचा कोणी. एकदा मी चहा घेऊन दारात उभा होतो आणि साहेब त्या पोराला हिंदीत झापत होते, "अरे भाई, भिंत के पीछे बैठने से जखम भरता क्या? तेरे घर का कोई गया है कभी गोली के सामने?" तेवढ्यात त्यांना मी दिसलो. यंत्र मांडीवर ठेवलं. चहा घेतला आणि चहात साखर जास्त झाली म्हणाले. साखर बरोबरच होती.

गाड्यांच्या गेमचंही असंच. एक लाल डबा, एक निळा डबा. लाल डब्यातली गाडी भिंतीला घासत घासत पुढं जाते, काही होत नाही, उलट वेग वाढतो. साहेबांच्या लेखी तो गेम म्हणजे पाणी घातलेलं दूध. निळ्या डब्यात टायर झिजायचं, पेट्रोल संपायचं, वळणावर ब्रेक मारला नाही तर गाडी उलटायची. निळ्या डब्यात एक शहर होतं आणि त्या शहरात सिग्नल होते. शर्यत सुरू झाली की साऱ्या गाड्या लाल दिवा तोडून पळायच्या, आणि साहेब लाल दिव्यावर थांबायचे. यंत्र हातात धरून, पडद्याकडे पाहत, शांत.

"साहेब, शर्यत आहे ना?"

"हाव."

"मंग चाला ना जी!"

"सिग्नल कंपनीनं लावला का मी लावला? शोभेले लावला असन तं तो खोटा. मी खरा समजून चालतो."

शेवटचा नंबर यायचा. दर वेळी. आणि साहेब समाधानानं हात झटकून उठायचे. रस्त्यावर स्कूटरही तसाच चालवायचे. चामोर्शी रोडवर मागं ट्रकांची रांग लावणारा तो एकच माणूस.

निळ्या डब्याला मात्र एक खोड होती. त्यात एक बटण होतं, ते दाबलं की वेळ मागं जायची. गाडी दरीत पडली, दाबा बटण, गाडी दरीतून वर येते, रस्त्यावर येते, वळणाच्या आधी जाते. साहेबांनी ते बटण कधी दाबलं नाही. त्यावर त्यांनी कागदाची चिकटपट्टी लावून ठेवली होती, चुकून बोट पडू नये म्हणून. एकदा पोराची माय खोली झाडायला गेली आणि तिनं पट्टीचं विचारलं. साहेबांनी समजावून सांगितलं. ती झाडू हातात धरून उभी राहिली.

"हे बटण बरं आहे जी," ती म्हणाली.

साहेब म्हणाले, "बाई, ते खोटं बटण आहे."

"असन. पण बरं आहे."

दिवाळीच्या आसपास मुलगा सुटीवर आला. साहेबांशी त्याची गट्टी जमली. एका संध्याकाळी साहेबांनी त्याला टोपीवाला खेळायला बसवलं. हात धुवायला लावून, आपला टॉवेल देऊन. मी आणि पोराची माय दारात. साहेबांना फार हौस होती, का खरा शिपाई कसा खेळतो ते पाहू. त्या डावात साऱ्यांना एका जंगलात सोडतात आणि शेवटी उरेल तो जिंकला.

मुलानं आपला माणूस एका झुडपात नेला आणि बसवला. बस. तिथंच. हलेच ना.

साहेब म्हणाले, "चाल ना गा."

"थांबा सर."

"अरे, तो पाह्य समोरून चालला! मार त्याले!"

"तो एकटा नसन. मांगून येत असतीन."

खरंच मागून दोघं आले आणि गेले. मुलानं गोळी चालवली नाही. साहेब खुर्चीवर चुळबुळ करत होते. "तू काय करून राह्यला आता?"

"पाय मोकळे होत नाई सर याचे. आमी एका पायावर वजन घेतो, मंग दुसऱ्या."

"अरे, गेम आहे हा!"

"हाव सर. म्हणूनच मच्छर नाई."

आम्ही हसलो. साहेबही हसले. पण मुलगा हसला नाही, तो पडद्याकडेच पाहत होता आणि त्याचा अंगठा गोळीच्या बटणावर तसाच, न दाबलेला. झुडपातला माणूस बसून होता. आमचा मुलगाही तसाच बसून होता, खांदे आत घेऊन. असा बसलेला तो मी कधी पाहिला नव्हता. माय त्याची आत निघून गेली. शेवटी डावाची वेळ संपली आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं.

"काय झालं?" मी विचारलं.

साहेब म्हणाले, "वाचला. पण मारला एकही नाई, म्हणून पाचवा आला."

मुलानं यंत्र परत दिलं आणि म्हणाला, "चांगला गेम आहे सर." साहेबांनी ते यंत्र घेतलं, पण त्या संध्याकाळी पुढं खेळले नाहीत. तोल आहे, तोल नाही, काही बोलले नाहीत.

सुटी संपून मुलगा कॅम्पवर गेला. त्यानंतर माझ्या लक्षात एक गोष्ट आली. लवकर नाही आली, हळूहळू आली. ताटं काही दिवस वाजायची आणि काही दिवस वाजायची नाहीत. वाजायची नाहीत तेव्हा भिंतीतून नुसती घूंऽऽ अशी गाडी यायची. ज्या दिवसांत गाडी चालायची त्या दिवसांत मुलाचा फोन येत नसे. ताटं वाजली, की थोड्या वेळानं मायच्या मोबाईलवर फोन. "कॅम्पातच होतो माय, नेट नव्हतं."

मी अंदाज बांधला, मुलगा जंगलात जाताना साहेबांना कळवून जायचा आणि परत आला की पहिले त्यांनाच कळवायचा. आम्हाला सांगायचं नाही म्हणून त्यांच्याकडून शब्द घेतलेला. साहेबांनी शब्द पाळला. पण तो जंगलात असताना त्यांच्यानं टोपीवाला लावणं होईना. म्हणून गाड्या.

मी कोणाला बोललो नाही. मला वाटलं, हे मलाच कळलं आहे. मग एक दिवस पोराची माय चुलीवरून भाताचा गंज उतरवता उतरवता म्हणाली, "आज पण गाडीच आहे." तेव्हा समजलं, हिला माझ्या आधीपासून माहीत. तिचे दोन्ही कान चांगले आहेत.

तेव्हापासून आमच्या घरात उलटं चालू झालं. बाकीचा गाव बंदुकीच्या आवाजानं उठून बसतो, आम्ही दोघं बंदुकीच्या आवाजानं निजायला लागलो. तोंडझाक्या असो का टोपीवाला, खोटं वजन का खरं वजन, आम्हाला फरक नव्हता. ताट वाजलं पाहिजे. आणि गाडी लागली की मी अंगणात फेऱ्या घालायचो, ती तांदूळ निवडायची, निवडलेले पुन्हा निवडायची. त्या घूं आवाजात साहेब लाल दिव्यावर थांबले की मला कळायचं. आवाज खाली यायचा. मला वाटायचं, चल रे बाबा, चल, थांबू नको.

एका उन्हाळ्यात गाडी फार दिवस चालली. मोहफुलं वेचायचे दिवस संपत आले, तरी गाडीच. मग एका दुपारी मी पानठेल्यावर उभा होतो. माझ्या बाजूची माणसं एकदम वर पाहायला लागली. मला ऐकू आलं नाही. मी वर पाहिलं तर हेलिकॉप्टर. दक्षिणेकडून आलेलं, नागपूरकडे चाललेलं. आमच्याकडे हेलिकॉप्टर तिकडून आलं आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्याकडे गेलं तर त्यात कोण असतं हे लहान लेकरालाही सांगावं लागत नाही. पानठेलेवाला माझ्याकडे न पाहता म्हणाला, "कोणी साहेब असन, भाऊ. पाहणीले आला असन."

घरी आलो. पोराची माय ओट्यावर बसली होती, हातात सूप, सुपात काही नाही. तिनं काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही.

संध्याकाळ झाली. साहेब आले. हात धुतले नाहीत. खोलीत गेले. मी भिंतीला उजवा कान लावला. गाडी नाही. बंदूक नाही. काहीच नाही. तसलं 'काहीच नाही' मी खाणीत एकदा ऐकलं होतं, वात पेटवल्यावर बार उडाला नाही तेव्हा. तेव्हा कोणी पुढं जात नाही. मी गेलो.

साहेब खुर्चीवर बसलेले. टीव्ही बंद. मोबाईल मांडीवर उताणा.

मी म्हटलं, "साहेब, गेम लावा."

"कोणता?"

"टोपीवाला."

त्यांनी मोबाईल पालथा घातला. मग म्हणाले, "भाऊ, मी काई सांगू शकत नाई."

"मी कुठी विचारून राह्यलो? मी शब्द देल्ला आहे, मी विचारत नाई. गेम लावा म्हणतो."

"नाई लावत."

"घर माझं आहे."

"घर तुमचं आहे भाऊ, पण नाई लावत."

"बाई बसली आहे तिकडं ओट्यावर. दोन घास खाईन ती. लावा ना जी. तोंडझाक्या लावा, खोटा तं खोटा."

मी आयुष्यात कोणापुढे असा बोललो नव्हतो. साहेब उठले. माझ्यापेक्षा उंच होते. म्हणाले, "भाऊ, आज मी लावला, तं उद्या तुमी ताटाच्या आवाजावर विश्वास ठेवान का? मी काट्यावर खोटं वजन नाई टाकत. बाईसाठी पण नाई."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं, की आम्हाला माहीत आहे.

मी परत आलो. राग फार आला होता. त्याला खोली खाली करायला सांगतो असं ठरवलं. त्या दिवशी कोणी जेवलं नाही, साहेबही नाही, त्यांचा डबा खानावळीतून आला तसाच पायरीवर होता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दुपार टळता टळता साहेबांचा स्कूटर आला. इतक्या वेगानं तो स्कूटर मी कधी पाहिला नाही, आणि कोपऱ्यावरच्या गाईला त्यांनी हॉर्न मारला, हेही पहिल्यांदाच. स्कूटर अंगणात आडवाच पडला. साहेब बूट घालूनच खोलीत गेले.

आणि ताटं वाजली.

साधी नाही वाजली. फळीवरून एक ताट खाली आलं, गोल गोल फिरलं आणि पडलं. मग दुसरं. पोराची माय धावली नाही. ताटं पडू दिली. दोरीवर साहेबांचा टॉवेल कोरडाच होता. तिनं तो पाहिला आणि पदर तोंडाला लावला. मग मोबाईल वाजला आणि मुलगा म्हणाला, "कॅम्पातच होतो माय. नेट नव्हतं."

माय म्हणाली, "हाव का? बरं."

खोली खाली करायचं मी कधी बोललो नाही. साहेब हेलिकॉप्टरचं कधी बोलले नाहीत. त्यात दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा होता. आम्ही त्या घरचं नावही विचारलं नाही.

पुढं साहेबांची बदली झाली, वर्ध्याकडे. सामान टेम्पोत चढवताना त्यांनी तो ठोकळा स्पीकर स्वतः उचलला. पोराची माय भिंतीकडे पाहत म्हणाली, "आता कसं होईन जी?" साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "जयभीम भाऊ. जयभीम बाई." आणि गेले.

काही दिवसांनी संध्याकाळी फोन आला. साहेबांचा. मी म्हटलं, हॅलो. तिकडून कोणी बोललं नाही. नुसता गोळीबार. पट्टी शोधायची धावपळ, मग पुन्हा गोळीबार. टोपीवाला. साहेबांनी मुलाला शब्द दिलेला, सांगणार नाही म्हणून. मी दिलेला, विचारणार नाही म्हणून. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. पोराची माय मोबाईल घेऊन गेली आणि फळीवरच्या ताटात पालथा ठेवला. ताट जरासं किणकिणलं.

आता तसंच चाललं आहे. त्यांचा फोन येतो, ताटात ठेवायचा, ऐकायचं. बंदूक असली तर जेवायचं.

मी लिहायला बसत नाही. मला लिहिणं जमत नाही, एक ओळ लिहायला वेळ लागतो, आणि आज वेळच काढायचा आहे. सकाळपासून लिहितो आहे. काल फोन आला तेव्हा गाडी होती. मी उजवा कान ताटाला लावला. साहेब लाल दिव्यावर थांबले होते. आवाज खाली आला आणि बराच वेळ खालीच राहिला.

पोराची माय विचारते, दिवा सुटला का जी?

मी म्हणतो, सुटन.